साधा रणगाडा म्हणजे दुरुस्तीला सोपा रणगाडा का?

पोलादी_कणा:
दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टी-34 साधा म्हणून जिंकला आणि जर्मन पँथर गुंतागुंतीचा म्हणून फसला, असं सरसकट मांडलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. बनवायला सोपं, चालवायला सोपं आणि दुरुस्तीला सोपं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत ना? सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि बुरुजातली (वरच्या, तोफेच्या फिरत्या भागातली) जागा यांची नेमकी उदाहरणं द्या. ‘रशियन माल दणकट’ एवढ्यावर थांबू नका.

बत्तीसचा_पाना:
वेगळ्याच आहेत, आणि टी-34 मध्येच तिन्ही दिसतात.

आधी चांगली बाजू. त्याच्या ट्रॅकच्या पिनांना फक्त आतल्या, म्हणजे हलकडच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाकडच्या) टोकाला डोकं असतं. दुसऱ्या टोकाला नट नाही, लॉक नाही. चालताना पिन सरकत सरकत आत येते. मागच्या बाजूला हलवर एक तिरकी पट्टी वेल्ड केलेली असते. पिनेचं डोकं तिच्यावर आपटलं की पिन परत बाहेर ठोकली जाते. कारखान्यात शेकडो नट वाचले आणि मैदानात पिन काढायला हातोडा पुरतो. साधेपणाने दुरुस्तीचंही भलं केलं, ते असं.

आता दुसरी बाजू. टी-34 च्या ख्रिस्टी पद्धतीच्या सस्पेन्शनच्या उभ्या, तिरक्या कॉइल स्प्रिंगा हलच्या बाजूला आतून बसवलेल्या. त्यांनी आतली रुंदी खाल्ली, आणि स्प्रिंग मोडली की बाहेरच्या बाहेर काम होत नाही. सुरुवातीचा पोमोन एअर क्लीनर असाच. बनवायला सोपा, पण धूळ नीट अडवायचा नाही, म्हणून सिलिंडर लवकर झिजायचे. 1942 मध्ये अमेरिकेत अ‍ॅबर्डीनच्या लष्करी चाचणी मैदानावर पाठवलेल्या टी-34 च्या चाचणीत याच फिल्टरवर कडक टीका झाली. म्हणजे फिल्टरवर वाचवलेला पैसा इंजिनावर गेला.

दारूगोळा:
बुरुजाचं मी सांगतो. टी-34/76 च्या, म्हणजे 76 मिमी तोफेच्या आधीच्या टी-34 च्या बुरुजात दोनच माणसं. कमांडरच तोफ रोखायचा. नेम धरताना त्याचा डोळा दुर्बिणीला, मग आजूबाजूला काय चाललंय ते बघणार कोण? आणि दुसऱ्या गाड्यांना सूचना कधी देणार? 1943 मध्ये कमांडरसाठी कपोला (चौफेर बघायला छतावरची छोटी घुमटी) आला, पण माणसं दोनच राहिली. खरा इलाज 1944 मध्ये झाला. टी-34-85 मध्ये बुरुजाच्या कड्याचा व्यास सुमारे 1,420 मिमीवरून 1,600 मिमी झाला आणि तिसरा माणूस बसला. एर्गोनॉमिक्स म्हणजे गुबगुबीत सीट नव्हे. कोणाच्या हाताला किती कामं, हा पहिला हिशोब.

अमेरिकन शर्मनमध्ये कमांडर, गनर, लोडर असे तिघे पहिल्यापासून. पण इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे असल्याने प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद पुढे नेणारा दांडा) क्रूच्या जागेखालून जायचा. रणगाडा उंच होण्याचं ते एक मोठं कारण.

बत्तीसचा_पाना:
त्या उंचीचा मोबदलाही मिळाला. शर्मनचं नाक बोल्टने बसवलेलं. ट्रॅक तोडा, जोडण्या सोडवा, बोल्ट काढा, क्रेन लावा, की डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स पुढून बाहेर. सस्पेन्शनच्या बोगीही (चाकं आणि स्प्रिंगांचे जोडसंच) बाहेरून बोल्ट केलेल्या. एक उडाली तर आख्खी काढून नवी लावायची.

पँथरची रचनाही तशीच, गिअरबॉक्स पुढेच. पण तो काढायला चालक आणि रेडिओवाल्याच्या डोक्यावरची छताची प्लेट उचलायची, सीट आणि आड येणारं सामान काढायचं, मग वरून ओढायचा. चाकं एकमेकांत गुंतलेली, म्हणून आतलं एक बदलायला बाहेरची कित्येक काढावी लागत.

पँथरमध्ये मोडायचं काय, तर फायनल ड्राइव्ह, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाआधीची शेवटची गिअरपेटी. रणगाडा 30-35 टनांचा ठरवलेला, झाला सुमारे 45 टनांचा. गिअर कापायची यंत्रं अपुरी, म्हणून एपिसायक्लिकऐवजी (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणाऱ्या रचनेऐवजी) साधे सरळ दात्यांचे स्पर गिअर घातले. युद्धानंतर फ्रेंचांनी पँथर वापरले. त्यांच्या 1947 च्या अहवालात फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य 150 किमी दिलंय. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पँथरचा सर्वांत दुबळा भाग हा त्याचा ‘साधा’ केलेला भाग होता.

पोलादी_कणा:
हेच हवं होतं. आता टॉर्शन बार सस्पेन्शन आणि अलीकडचे पॉवरपॅक यांचं काय?

दारूगोळा:
टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. तो हलच्या तळातून आडवा जातो. चिलखताआड सुरक्षित, पण तुटला की एक तुकडा एका बाजूने आणि उरलेला दुसऱ्या बाजूने काढावा लागतो. सुरुंगाने तळ वाकला तर तो चिमटला जातो, मग कटर आलाच.

पॉवरपॅकचं तत्त्व वेगळं. इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग एकाच चौकटीत, नळ्यांना आपोआप बंद होणारी कपलिंगं, म्हणजे तेल सांडत नाही. जर्मन लेपर्ड 2 चा पॅक क्रेन आणि सरावलेले हात असतील तर अर्ध्या तासाच्या आत बदलता येतो. सोव्हिएत टी-72 मध्ये इंजिन आडवं, मध्ये ‘गितारा’ नावाची गिअरपेटी, दोन्ही बाजूंना वेगळे गिअरबॉक्स. सुटे भाग छोटे, गाडी बुटकी, पण इंजिन परत बसवताना अलाइनमेंट जुळवावी लागते आणि वेळ तिथेच जातो. शिवाय ऑटोलोडरमुळे (तोफ आपोआप भरणाऱ्या यंत्रामुळे) क्रू तिघांचा, म्हणजे ट्रॅक चढवायला एक माणूस कमी. हा खर्च कोणी धरत नाही.

पण पॅक बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे लक्षात ठेवा. बिघडलेला पॅक मागे वर्कशॉपला जातो. राखीव पॅक आणि क्रेन नसेल तर तो अर्धा तास कागदावरच.

बत्तीसचा_पाना:
सहमत. ड्रॉइंग बघताना मी क्रम असा लावतो: आधी काय मोडेल, मग तिथे पोचायला आणखी काय काय काढावं लागेल, पाना फिरवायला जागा आहे का, आणि हातमोजे घालून बोल्ट पकडता येतो का.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश सेंच्युरियन रणगाडा आहे. बाजूच्या प्लेटा आड येत नसतील तर खाली वाकून बघा. हॉर्स्टमन पद्धतीच्या बोगी, एका बाजूला तीन, प्रत्येकीत दोन चाकं, स्प्रिंगांसह बाहेरूनच बोल्ट केलेल्या. वजन जास्त, चाकांची हालचाल टॉर्शन बारपेक्षा कमी, पण सुरुंगाने उडालेली बोगी हलच्या आत हात न घालता बदलता येते.