नवी लायनिंग टाकली, पण पाण्याच्या डिस्क ब्रेकला जोरच नाही. हवा वाढवू का?

रात्रपाळी_३
कागदाची रील जिथून उलगडते त्या अनवाइंड स्टँडवर हवेने लागणारा, पाण्याने थंड होणारा दोन डिस्कचा ब्रेक आहे. शटडाउनमध्ये लायनिंगच्या घर्षण डिस्क आणि त्या जिथे घासतात त्या तांब्याच्या प्लेटा, दोन्ही नव्या घातल्या. तेव्हापासून रडगाणं सुरू आहे. आधी २.२ बारला जो ताण मिळायचा त्याला आता ३.२ लागतात. रील हळू फिरत असताना कागद धक्के मारतो. थोडा जळका वास येतो आणि आउटलेटच्या होसला हात लावला तर चटका बसतो. साहेब म्हणतात, हवा वाढव आणि चालव, आपोआप बसेल. ताण ४००० न्यूटन, लाइनचा वेग मिनिटाला ३०० मीटर. पाणी फार वाया जातं म्हणून आउटलेटचा व्हॉल्व अर्धा बंद ठेवतो. कुठे चुकतंय?

घासपट्टी
प्लेटा एमरी पेपरने हलक्या हाताने घासा, नव्या प्लेटा गुळगुळीत असतात. आम्ही ड्रम ब्रेकला तेच करतो.

जुना_फिटर
एमरी नको. तिचे कण मऊ लायनिंगमध्ये रुततात आणि मग तीच लायनिंग तांबं कापत बसते. ड्रम बिडाचा असतो, त्याची गोष्ट वेगळी.

रात्रपाळी, तुमचा ब्रेक बिघडलेला नाही, बसलेला नाही. नवी डिस्क आणि नवी प्लेट डोळ्याला सपाट दिसतात, पण टेकतात मोजक्या ठिकाणी. सगळी उष्णता त्याच ठिपक्यांतून जाते. हवा वाढवली की तेच ठिपके आणखी तापतात, लायनिंगवर काचेसारखा थर चढतो आणि मग तो ब्रेक कधीच नीट बसत नाही. दाब वाढवायची घाई म्हणजे पोळी भाजली नाही म्हणून आच मोठी करणं. वरून करपते, आतून कच्ची राहते.

ब्रेक बसवायच्या आधी तो आउटलेटचा व्हॉल्व पूर्ण उघडा. आजच. बाहेर जायचा रस्ता अडवला की पाण्याचा दाब प्लेटच्या पाठीवर येतो. प्लेट पातळ तांब्याची, ती फुगते आणि उंचवट्यावरच घासते. पाणी कमी-जास्त करायचं असेल तर इनलेटवर करा, बाहेरची वाट मोकळी. इनलेट खाली आणि आउटलेट वर आहे ना, तेही बघा. उलट जोडलं तर वरच्या भागात हवा अडकते आणि तेवढा पट्टा कोरडा तापतो.

पाणी किती लागतं ते अंदाजाने ठरवू नका. उष्णता म्हणजे ताण गुणिले वेग: ४००० न्यूटन आणि सेकंदाला ५ मीटर, म्हणजे २० किलोवॅट. रील भरलेली असो की संपत आलेली, ताण आणि वेग तेच असतील तर उष्णता तेवढीच, कारण व्यास घटला की टॉर्क घटतो आणि फेरे वाढतात. एक किलोवॅट उचलायला एक अंश वाढीला मिनिटाला १४.३ लिटर पाणी. २० अंश वाढ चालवून घेतली तरी तुम्हाला १४ लिटरच्या वर लागतं. बादली आणि घड्याळ घेऊन आउटलेटचं पाणी मोजा. बहुतेक निम्मंच भरेल.

रात्रपाळी_३
मोजलं. मिनिटाला जेमतेम ७ लिटर! मग बसवायचा कसा? आणि बसला हे कळणार कसं?

जुना_फिटर
७ लिटर म्हणजे पाणी ४० अंशांनी तापत होतं. होसचा चटका त्याचाच.

टाकाऊ रील लावा. पाणी आधी सोडा, आउटलेटमधून अखंड धार येईपर्यंत हवा देऊ नका. ताण १२०० न्यूटनच्या आसपास, वेग मिनिटाला १२० मीटर. म्हणजे २.४ किलोवॅट, आणि पाणी मात्र पूर्ण. असाच सलग घसरू द्या. दर पंधरा मिनिटांनी तोच ताण ठेवायला किती बार लागतात ते वहीत लिहा. आकडा हळूहळू उतरेल. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की बसला म्हणायचं. मग ताण आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. तापमान आणि दाबाच्या वरच्या मर्यादा मात्र बनवणाऱ्याच्या कागदातूनच घ्यायच्या, माझ्या तोंडून नाही. धक्के बहुतेक त्यातच जातील. हळू वेगात लायनिंग चिकटते-सुटते, चिकटते-सुटते, त्यामुळे ते येतात. डिस्क ज्यावर बसते त्या गिअरच्या दात्यांना ग्रीस जास्त फासलं असेल तर तेही बघा, ते डिस्कवर उडतं.

उघडून बघायची वेळ आली तर रील अडवून ठेवा, हवेची लाइन बंद करा आणि सिलिंडरमधली उरलेली हवा सोडून द्या. गेज शून्यावर गेल्याशिवाय बोट आत घालायचं नाही. भुकटी हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये काय घातलं होतं कोण जाणे.

अजून एक. हा ब्रेक हवेने लागतो, म्हणजे हवा गेली की सुटतो. भरलेली रील उभी ठेवायला याच्यावर विसंबू नका, वेगळी यांत्रिक अडवण हवी.

गाळणी
त्यात माझी भर: पाणी वाहतंय की नाही ते सांगणारा फ्लो स्विच आउटलेटवर लावा आणि लाइन त्याच्याशी इंटरलॉक करा, म्हणजे पाणी थांबलं तर लाइन आपोआप थांबेल. इनलेटवरचा स्विच मधली होस फाटली तरी पाणी आहे असंच सांगतो. आमच्याकडे एकदा पाणी बंद असताना ब्रेक चालला आणि लक्षात आल्यावर कुणीतरी धावत जाऊन थंड पाणी सोडलं. वाफेचा एक भपकारा आला आणि प्लेट वाकली ती वाकलीच, सीलमधून पाणी लायनिंगवर. कोरडा तापला तर लाइन थांबवा, हवा सोडा आणि त्याला आपोआप निवू द्या. पाणी नंतर.

रात्रपाळी_३
झालं. व्हॉल्व उघडल्यावर पाणी १६ लिटर येतं. १२०० न्यूटनला सुरुवातीला १.१ बार लागत होते, मग १.०, ०.९, आणि पुढच्या तिन्ही नोंदी ०.८. काल पूर्ण ताणावर घेतला, २.२ बार, जुनाच आकडा. वास गेला, धक्केही जवळजवळ गेले. एक बाजू उघडली तेव्हा प्लेटच्या बाहेरच्या कडेला बोटभर पट्टा अजून मळकट होता, बाकी सगळीकडे सारखी चमक. साहेबांना वही दाखवली. ते म्हणाले, मी तेच सांगत होतो. तो पट्टा पुढच्या शटडाउनपर्यंत सोडून देऊ ना?

जुना_फिटर
सोडा. पण वही चालू ठेवा.