मदत हवी आहे: उन्हाळ्यात कांगारू केअर कसं केलंत?

आमचं बाळ 34व्या आठवड्यात झालं, वजन 1900 ग्रॅम. घरी सोडताना डॉक्टरांनी बाळाला उघड्या छातीशी धरणं, म्हणजेच कांगारू केअर, चालूच ठेवायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला किमान 8 तास म्हणते. छातीशी घेतलं की रडं थांबतं, आवळलेल्या मुठी सैल पडतात, बायकोलाही धीर येतो. त्यामुळे सोडायचं नाहीच. (हाताची सवय लागेल, असं घरात म्हणतात. ते मनावर घेत नाही.)

पण अकोल्याचं ऊन! एसी नाही. मऊ सुती साडीने बांधलं, कूलरचा झोत भिंतीकडे वळवला, तरी दोघं घामाने निथळतात. हिचे सिझेरियनचे टाके दुखतात, म्हणून रात्री मी घेतो. बाळ दूध नीट पितंय, ताप नाही. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे.

विदर्भात ऐन उन्हाळ्यात कोणी हे केलंय का? खोली कशी गार ठेवलीत, आणि बाळाला जास्त उकडतंय हे कशावरून ओळखलंत?