महिनाभरात कादंबरी: नोव्हेंबर त्यांचा, आपला महिना कुठला?

पालवी (गुहागर)

गेल्या नोव्हेंबरात मी महिनाभरात कादंबरी पुरी करायचा चंग बांधला होता. ५०,००० शब्द, ३० दिवस, म्हणजे रोज १,६६७. अकराव्या दिवशी थांबले. वह्यांत साधारण १४,००० शब्द पडून आहेत. आजीच्या वाडीतल्या एका विहिरीच्या वादाची गोष्ट आहे आणि ती माझ्या डोक्यातून अजून उतरलेली नाही.

माझी खानावळ आहे, शिवाय पाहुण्यांसाठी दोन खोल्या. नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीमुळे खोल्या भरलेल्या असतात, सकाळी सहाला चहासाठी माणसं ओटीवर उभी. त्यातच भाताची झोडणी, तुळशीचं लग्न, मुंबईहून आलेली घरची माणसं. लिहायला बसायचे ती रात्री अकराला, आणि पेन हातात धरूनच डोळा लागायचा.

म्हणून महिनाभरात कादंबरी लिहायला जगभर धरतात तो हा नोव्हेंबर आला कुठून ते शोधलं. १९९९ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, ख्रिस बेटी आणि त्याच्या ओळखीपाळखीचे असे २१ जण पहिल्यांदा असं लिहायला बसले. ती पहिली खेप जुलैतली. पुढच्या वर्षी ती नोव्हेंबरात नेली, कारण तिकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणसं घरात बसतात. मग ते लोण जगभर गेलं, त्याची संस्था झाली. ती संस्था बंद होत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, पण महिना धरून लिहिणारे थांबलेले नाहीत.

म्हणजे नोव्हेंबर निवडला तो तिथल्या हवेवरून. आपल्याकडे घरात बसवणारी हवा आषाढात असते. माझ्या खोल्या रिकाम्या, समुद्राकडे बघवत नाही असा खवळलेला, दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. मग आपण जुलैतच का लिहू नये? माझं म्हणणं, १ ते ३१ जुलै. कोणाला पटतं, कोणाला नाही, मोकळेपणी सांगा.

मळेवाला (राजापूर)

पालवीताई, जुलैत तुमच्या खोल्या रिकाम्या असतील, आमचे मळे नसतात. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, चिखलणी करायची, लावणी करायची, तीही पावसाच्या मर्जीने. चार दिवस उघडीप पडली तर चार दिवस वाट बघायची आणि पाचव्या दिवशी काळोख पडेपर्यंत चिखलात. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, तिथे वही कोण उघडणार? आषाढात माणसं घरात बसतात असं म्हणताना शेत करणारं निम्मं कोकण तुमच्या हिशोबात आलेलंच नाही.

बंदरावरचा (हर्णै)

मला जुलै चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होडी वर ओढलेली असते, जाळी दुरुस्त करायची, इंजिनाचं काम करायचं, आणि तरी हातात वेळ उरतो. वर्षात हे दोनच महिने मी रात्रीचा घरी झोपतो.

पण रोज १,६६७ शब्द हा हिशोब मला मान्य नाही. आमचं काम घड्याळावर चालत नाही. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, बघून दिवस ठरतात, मिळेल तेव्हा भरपूर आणि नसेल तेव्हा काहीच नाही. मी लिहितो तेही तसंच. एका पावसाळी रात्री दहा पानं होतात, मग तीन दिवस ओळ नाही. रोजचा आकडा चुकला की माणूस स्वतःला नालायक समजतो आणि सोडून देतो. ताई, तुमचंही अकराव्या दिवशी तेच झालं असणार. १४,००० शब्द ही लहान गोष्ट नव्हती. तुम्ही आकड्याच्या मागे पडलात, गोष्टीच्या नाही.

निवृत्त मास्तर (चिपळूण)

महिना कुठला यावर चर्चा चालली आहे. माझा आक्षेप महिन्यालाच आहे.

मी ३२ वर्षं मराठी शिकवलं. कादंबरी ही मुरायची वस्तू आहे. पात्रं आपल्याबरोबर राहायला लागतात, मग ती आपलं ऐकेनाशी होतात, आणि तिथून खरं लेखन सुरू होतं. तीस दिवसांत तुम्ही पात्रांना फक्त कामाला लावाल. आकडा भरायचा म्हटला की वाक्यं फुगतात. “तो उठला” च्या जागी “तो हळूहळू जागेवरून उठून उभा राहिला” येतं. असं महिनाभर लिहिलं की हाताला तीच सवय लागते, आणि ती घालवायला वर्षं जातात.

आकड्याबद्दल आणखी एक. ५०,००० हा इंग्रजीचा आकडा आहे. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. “मी बाजारातून आल्यावर तिला सांगितलं” हे पाच शब्द. हेच इंग्रजीत सांगायला नऊ-दहा शब्द लागतात. म्हणजे मराठीत ५०,००० भरणारा त्यांच्यापेक्षा कितीतरी लांब कादंबरी लिहितो आहे. आपल्या भाषेचा विचार न करता घेतलेल्या मापाने पालवीताई स्वतःला मोजत होत्या, याचं मला वाईट वाटतं.

हापूसवाला (देवगड)

सर, शब्दांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी स्वतः ३०,००० धरतो, रोज हजार.

पण घाईत चांगलं लिहून होत नाही हे मान्य नाही. आपल्याच पालगडचे साने गुरुजी. ‘श्यामची आई’ चा बहुतेक भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला. त्या पाच दिवसांनी किती पिढ्या रडवल्या ते तुम्ही वर्गात बघितलंच असेल.

निवृत्त मास्तर (चिपळूण)

बघितलं आहे. दरवर्षी बघितलं. पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. लिहायला दिवस पाच लागले, त्याआधी त्या आठवणी गुरुजींनी वर्षानुवर्षं मनात वागवल्या होत्या. मुरणं आधीच झालं होतं, उतरवणं तेवढं बाकी होतं.

पालवी (गुहागर)

सर, मग माझी विहीरसुद्धा मुरलेलीच आहे की. आजी गेली त्याला १९ वर्षं झाली. त्या वादात कोण कोणाशी बोलायचं बंद झालं, कुठल्या बाजूचा रहाट कोणी काढून नेला, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आता उतरवायला महिना मागतेय. तो तरी द्याल?

निवृत्त मास्तर (चिपळूण)

देतो. तुमच्यापुरता देतो. ज्यांच्याकडे अजून गोष्टच नाही त्यांनी महिना धरला म्हणून गोष्ट येणार नाही, हे मात्र सोडत नाही.

हापूसवाला (देवगड)

माझा नोव्हेंबरही सांगतो, म्हणजे तिथे परत जाण्याचा प्रश्न मिटेल. पाऊस लांबला की पालवी फुटते, थंडी वेळेवर पडली की मोहोर. रोज सकाळी झाडाखाली उभं राहून शेंडे बघायचे आणि तुडतुड्याची फवारणी कधी घ्यायची ते ठरवायचं. वर्षाची कमाई त्या आठवड्यांत ठरते. तेव्हा मनात दुसरी गोष्ट शिरतच नाही. मला श्रावण सोयीचा.

सुईदोरा (मालवण)

माका तुमचा कोणाचाच म्हणणा पटूक नाय.

जुलै, नोव्हेंबर, श्रावण. कुठल्या महिन्यात घरातली चूल बंद असते ते मला सांगा. श्रावणात तर सोमवार, शनिवार, मंगळागौर, उपासाचं वेगळं आणि बिनउपासाचं वेगळं. पुढे गणपती, म्हणून घर सारवायचं, रंगवायचं, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची. इथे पुरुषमंडळी हंगामाचा हिशोब मांडतायत, तो खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण बंदरावरचे दादा, तुमच्या बंदीच्या काळात तुम्हाला लिहायला वेळ मिळतो तेव्हा घरातल्या बाईला एक ताट जास्तीचं करावं लागतं.

मी शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी माझी पहिली दीर्घकथा पूर्ण झाली, आणि ती झाली ती एका दुपारच्या बोलण्यामुळे. सगळे जेवायला बसलेले असताना मी सांगितलं की उद्यापासून दोन ते साडेतीन मी घरात नाही असं समजा. फोन उचलणार नाही, दार उघडणार नाही, चहा करणार नाही. सासूबाई पहिले आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, “ती कामात असा, साडेतीनाक ये.” त्यांनी “काम” म्हटलं. मला त्या दिवशी जेवढं बळ आलं तेवढं कुठल्याही आकड्याने आलं नसतं.

पालवी, तू रात्री अकराला बसायचीस म्हणजे सगळ्यांचं सगळं करून उरलेल्या वेळात. उरलेला वेळ नेहमी झोपेतूनच कापला जातो. खानावळीतला एक तास घरच्यांकडून मागून घे, तोंडाने माग. आधी तो मिळतोय का बघ आणि मग महिना ठरव.

बंदरावरचा (हर्णै)

ताटाचं खरं आहे. वाचून गप्प बसलो. या जुलैत दुपारचा स्वयंपाक मी करीन असं घरी सांगितलंय. मासे साफ करायला तसाही मीच असतो.

शाडूवाला (कुडाळ)

आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. वेळ कुठून आणायचा हे वरच्या सगळ्यांनी सांगितलं, मी उमेदीबद्दल सांगतो. श्रावणात माझ्याकडे लिहायला मिनिट नसतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात. त्यावर खडूने नाव, वाडी. त्याच पाटावर त्यांची मूर्ती बसणार. जून-जुलैत पाट यायला लागतात आणि भिंतीला टेकून ओळीने उभे राहतात. मला सकाळी उठून काम करावंसं वाटतंय का, हा प्रश्न मला कोणी विचारत नाही आणि मीही स्वतःला विचारत नाही. पाट दिसतात. त्या घरातलं माणूस चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोक्यावर टॉवेल टाकून दारात उभं राहणार आहे, हे माहीत असतं. त्याला रिकामा पाट परत देणं माझ्याच्याने होणार नाही.

कादंबरीचा पाट कोणी आणून देत नाही. ती पुरी झाली नाही तर कोणाच्या घरचा सण अडत नाही. मला वाटतं पालवीताई अकराव्या दिवशी थांबल्या त्याचं मोठं कारण हे. दमणूक होतीच, पण गोष्टीची वाट बघणारं कोणी नव्हतं. मी गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसभावाला सांगितलं होतं की दर रविवारी संध्याकाळी मी लिहिलेलं फोनवर वाचून दाखवीन. त्याला साहित्यातलं काही कळत नाही. तो फक्त “मगे?” विचारायचा, म्हणजे मग पुढे काय. त्या “मगे?” साठी मी नऊ रविवार लिहिलं.

मास्तरांच्या शंकेबद्दलही बोलतो. शाडूची मूर्ती ओली असताना रंग लावला तर तो धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून मूर्ती करायची घाई चालते, सुकवायची घाई चालत नाही. महिनाभरात जे होतं ती माती असते. ती सुकू द्या, तडे कुठे गेलेत बघा, भरा, घासा, मग रंग, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. महिन्याला कोणी पुरी कादंबरी म्हणत असेल तर मी मास्तरांच्या बाजूचा. माती उभी करायला महिना मागत असेल तर पालवीताईंच्या बाजूचा.

निवृत्त मास्तर (चिपळूण)

छान मांडलंत. फरक एवढाच की तुम्हाला मूर्ती कशी दिसणार हे आधी ठाऊक असतं. कादंबरी लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि नसावं. रविवारी कोणीतरी “मगे?” विचारणार आहे म्हणून आपण पुढे काहीतरी घडवत जाऊ. कधीकधी गोष्टीला थांबायचं असतं. माझ्या स्वतःच्या हस्तलिखितात एक बाई सात वर्षं एका उंबऱ्यावर उभी आहे. ती आत जाणार की बाहेर, ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते ठरवायची घाई मला करायची नाही.

सुईदोरा (मालवण)

सर, रागवू नका, पण सात वर्षं तिला उंबऱ्यावर उभी ठेवलीत ते तिला थांबायचं होतं म्हणून की तुम्हाला भीती वाटते म्हणून? मी विचारते कारण माझंही एक पात्र असं उभं होतं, आणि ते माझ्या भीतीमुळे होतं.

निवृत्त मास्तर (चिपळूण)

याचं उत्तर मला लगेच देता येणार नाही. विचार करतो.

मळेवाला (राजापूर)

मुद्द्यावर येऊ. सगळ्यांना एक महिना जमणार नाही हे दिसतंच आहे. माझी लावणी आटपते साधारण जुलैअखेर, पाऊस बरा असेल तर. तिथून गणपतीपर्यंत मला वेळ आहे. बेणणी, म्हणजे तण काढणं असतं, पण तेव्हा संध्याकाळी अंगात जीव असतो.

पालवी (गुहागर)

मी जुलैचा हट्ट सोडते. ज्याने त्याने आपले तीस दिवस आपल्या कामाकडे बघून घ्यावेत. बंदरावरचे दादा जुलैत, मळेवाले दादा लावणी उरकली की, शाडूवाले दादा विसर्जनानंतर. मी ३०,००० शब्द धरतेय, रोजचा आकडा नाही, आठवड्याचा. ७,००० च्या आसपास.

घरी काल बोलले. नवरा म्हणाला दुपारी तीन ते साडेचार खानावळीकडे तो बघेल. मुलगी म्हणाली, “आई, तू खरंच लिहितेस?” तिला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी मी चोरून लिहीत होते हे मला तेव्हा कळलं.

राहिला पाट. सुईदोराताई, दर रविवारी रात्री मी तुम्हाला फोन केला तर चालेल का? तुम्हीही तुमचं वाचा. आणि सर, चौथ्या रविवारी तुम्ही ऐकायला या. फुगलेली वाक्यं तुम्ही दाखवा, मी तिथेच काट मारीन.

सुईदोरा (मालवण)

नऊ वाजता कर. त्याआधी भाकऱ्या असतात.

निवृत्त मास्तर (चिपळूण)

येईन. माझं मत बदललेलं नाही, पण विहिरीचं काय झालं ते मला ऐकायचं आहे. रहाट कोणी नेला हे पहिल्याच रविवारी सांगू नका.