सरकारी नोकर किती आणि पगार किती, देशादेशांची तुलना कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या कर्मचारी संघटनेचा दिवाळी अंक निघतोय आणि 'सरकारी नोकर उदंड झालेत, पगारही बख्खळ' या नेहमीच्या टोमण्याला आकडेवारीसकट उत्तर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी झेडपीत अकाउंट्सला आहे, पगारबिलं विचारा, इकॉनॉमिक्सचा गंध नाही.

आधी सोपं वाटलं. नॉर्वेत एकूण नोकऱ्यांपैकी साधारण 30 टक्के सरकारी, ओईसीडीची (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) सरासरी 18 च्या आसपास, जपान-कोरिया 10 च्या खाली, त्यांच्या शेजारी आपला आकडा ठेवला की झालं. पण मोजायचं कुणाला इथेच गाडी अडली. नॉर्वेत नगरपालिकेच्या बालवाडीतली बाई सरकारी नोकर, आणि आपली अंगणवाडी सेविका पोषण आहार, मुलांची वजनं, रजिस्टरं, वर मोबाईलवर माहिती भरणं एवढं सगळं करूनही तिला पगार नाही, मानधन. 2022 ला सुप्रीम कोर्टाने ग्रॅच्युइटी द्या म्हटलं तरी आस्थापनेवर ती नाहीच. एजन्सीचा डेटा एंट्रीवाला पोरगा माझ्या शेजारी बसतो पण पगारबिलात नाही. ब्रिटनमधे तर हॉस्पिटलचा डॉक्टर सरकारी आणि फॅमिली डॉक्टर कंत्राटी म्हणून मोजणीबाहेर!

पगाराचं त्याहून अवघड. सातव्या वेतन आयोगात महिन्याचं बेसिक खाली 18,000, वर कॅबिनेट सेक्रेटरी 2,50,000. डॉलरमधे केलं की हसू येतं, पीपीपीने (म्हणजे त्या त्या देशातली महागाई-स्वस्ताई धरून) केलं की एकदम फुगतं. अमेरिकेत शहराप्रमाणे लोकॅलिटी पे असतो, आपल्या एचआरएसारखाच, मग दोन्ही धरायचे की दोन्ही सोडायचे? आणि पेन्शन? नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला (जुनी पेन्शन) आणि नंतर लागलेला (पगारातून कापून जमणारी), बेसिक सारखं असलं तरी दोघांची कमाई एक कशी म्हणायची? कुणी हे काम केलंय का?

प्रतिसाद :
डॉलर-पीपीपीच्या नादी लागू नका. त्याच देशात तसंच काम करणाऱ्या खाजगीवाल्याच्या किती पट मिळतं ते बघा, वर्ल्ड बँकेच्या वर्ल्डवाइड ब्युरोक्रसी इंडिकेटर्समधे हेच काढलेलं असतं. ते बरंचसं घरोघरच्या सर्व्हेवरून असतं म्हणजे सेविकाताई स्वतः काय सांगतात त्यावर, आस्थापनेच्या यादीवर नाही, त्यामुळे दोन सोर्सचे आकडे एका तक्त्यात घालू नका प्लीज. आणि एक, संघटनेला रुचणार नाही पण सातव्या आयोगाने आयआयएम अहमदाबादकडून अभ्यास करून घेतला होता, त्यात सरकारी हेल्परला सगळं धरून 22,579 आणि खाजगीत 8,000 ते 9,500. हे लपवून लेख लिहिलात तर पहिलाच वाचक पकडेल.

धागालेखक :
धन्यवाद, आयोगाचा रिपोर्ट उतरवून घेतो. 22,579 पण छापू, पण मग शेजारी एजन्सीच्या पोराचा आकडा पण छापायला हवा, तोही सरकारचंच काम करतो ना. असे एजन्सीवाले किती आहेत हे राज्यवार कुठे मिळेल?