‘डार्क’ : अपघात टळला, तर तो टाळणारे आले कुठून?

कोथरूडहून प्रश्न

‘डार्क’ ही काळप्रवासावरची जर्मन मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा पाहून संपवली. या वेळी शेजारी वही ठेवली होती. १९५३, १९८६ आणि २०१९ असे तीन रकाने आखून त्यांत प्रत्येक पात्र टिपत गेलो, आणि पहिल्या दोन पर्वांत मला एकही सांधा निखळलेला आढळला नाही. मालिकेचा नायक योनास भूतकाळात वडिलांची आत्महत्या टाळायला जातो, तेव्हा त्यांच्या मनात तसा विचारही नसतो. तो योनासच्या बोलण्यातूनच त्यांच्या मनात येतो. जो बदलायला जातो त्याच्याच हातून ते घडते, हा नियम तिथे कसोशीने पाळला आहे.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी मात्र योनास आणि दुसऱ्या, समांतर जगातली मार्था मूळ जगातल्या १९७१मध्ये जाऊन घड्याळजी टानहाउसच्या मुलाची गाडी परत फिरवतात. अपघात होत नाही, म्हणून टानहाउस काळप्रवासाचे यंत्र बांधत नाही, म्हणून त्या यंत्रातून निर्माण झालेली त्या दोघांची जगेच उरत नाहीत. मग गाडी अडवली कोणी? ही उघड विसंगती आहे, असे माझे मत आहे.

सदाशिव पेठेतून

आपण वही ठेवलीत, हे फार चांगले केले. तथापि आपण दोन वेगळे नियम एकत्र करत आहात. इगोर नोव्हिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी मांडलेले सुसंगतीचे तत्त्व असे की, भूतकाळात गेलेल्याची प्रत्येक कृती इतिहासात आधीच धरलेली असते. तो नियम योनासच्या आणि मार्थाच्या जगांना लागू आहे. ती दोन्ही जगे ज्यातून फुटली, ते मूळ जग त्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या गाठीच्या बाहेरचे आहे.

औंधहून

मला हे पटत नाही. बाहेरचे जग असले, तरी त्यातला परिणाम आतल्या कारणावाचून घडतो, ही अडचण तशीच राहते.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. योनास गळफास घेतो तेव्हा नोआ हे पात्र त्याला वाचवते, कारण योनासचे म्हातारे रूप, म्हणजे आडाम, अस्तित्वात असताना तो मरूच शकत नाही. तिसऱ्या पर्वात मात्र तो मार्थाच्या गोळीने मरतो, आणि म्हातारा आडाम तसाच राहतो. स्पष्टीकरण असे की, मालिकेतल्या महाविनाशाच्या वेळी क्षणभर काळ थांबतो आणि त्या फटीतून एकाच योनासच्या दोन वाटा फुटतात. शेवटच्या भागात सुटकेची वाटही नेमकी त्याच फटीतून काढली आहे. दोन पर्वे बंद ठेवलेले दार असे दोनदा उघडायचे होते, तर त्याची चाहूल आधी द्यायला हवी होती.

एरंडवण्यातून

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार जयंत नारळीकरांनी केलेला आहे. त्यांच्या कथेतले गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात आणि मराठे पानिपत जिंकलेल्या इतिहासात पोहोचतात. परतल्यावर त्यांच्या खिशात तिथल्या बखरीचे फाटलेले पान असते. विश्वासरावांना गोळी चाटून गेल्याचे त्यावर छापलेले असते. ज्या जगात ते पान छापले गेले, ते जग कथेत कायम राहते, त्यामुळे पानाला उगम आहे. ‘डार्क’मध्ये दोन्ही जगे पुसली जातात, म्हणून योनास आणि मार्था ही उगम हरवलेली पाने ठरतात. औंधकरांचा दुसरा आक्षेप मी रचनेतला दोष मानेन, विसंगती नव्हे, कारण उशिरा सांगितलेला नियमसुद्धा नियमच असतो. कोथरूडचा प्रश्न मात्र मला खरोखर अनुत्तरित वाटतो.

पुन्हा कोथरूडहून

फाटलेल्या पानाचा दाखला मनापासून पटला, आणि त्यामुळे मी शेवटचा प्रसंग रात्री पुन्हा पाहिला. मूळ जगात जेवणाच्या टेबलाशी बसलेली गरोदर हाना, म्हणजे योनासच्या जगातली त्याची आई, टांगलेल्या, योनासच्या रेनकोटसारख्या पिवळ्या रेनकोटकडे टक लावून पाहते आणि होणाऱ्या मुलाचे नाव योनास ठेवावेसे वाटते, असे म्हणते. दोन्ही जगे मुळापासून पुसली गेली असतील, तर हे नाव तिच्यापर्यंत पोहोचले कसे? सदाशिव पेठकरांनी आपल्या मांडणीत हा प्रसंग कसा बसतो, ते कृपया सांगावे.