मारुती ८०० (१९९८, कार्बोरेटरवाली): सिग्नलला थरथरते, चालताना मात्र ठीक

आठशे_९८ (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, एमएच-१५ (नाशिक), १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. रोज इंदिरानगर ते सातपूर, शाळेत.

गेला महिनाभर सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते. मायको सर्कलला लाल दिवा लागला की स्टिअरिंगवरचा हात कोपरापर्यंत हलतो, आणि आतल्या आरशात मागच्या रिक्षाचा एक दिवा दोन दिसतो. ॲक्सिलरेटर दिला की लगेच शांत. तिसऱ्या-चौथ्या गिअरला काहीच तक्रार नाही. सकाळी चोक ओढून सुरू केली की पहिली पाच मिनिटं छान चालते. गरम झाली, चोक आत ढकलला, की थरथर सुरू. आयटीआय सिग्नलला दोनदा बंदच पडली.

आतापर्यंत तिन्ही प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून साफ करून घेतला. शेवटी मेकॅनिकनी स्क्रू फिरवून थांबलेल्या गाडीची रेस वाढवून दिली. बंद पडणं थांबलं, पण पेट्रोल जास्त लागतंय आणि थरथर आहेच. आता ते म्हणतात, इंजिन काम काढावं लागेल.

गाडी फाटकात शिरली की वडील आवाजावरूनच ओळखतात आणि आतून विचारतात, "आजही तशीच?" मला गाडी विकायची नाही. खर्चाची तयारी आहे, पण आधी दुखणं कुठे आहे ते कळू दे. खरंच इंजिन उघडावं लागेल का?

द्राक्षबाग (पिंपळगाव बसवंत)

ताई, आधी इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती, बघा. रबर दबलं की इंजिन ठीक असूनही सगळी बॉडी हादरते. आमच्या जीपला हेच झालं होतं. बॉनेट उघडून कुणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा; इंजिन एका बाजूला उड्या मारत असेल तर रबर गेलंय.

जुना_फिटर (अंबड)

फाउंडेशन बघायला हरकत नाही, पण रबराने गाडी सिग्नलला बंद पडत नाही. ताईंची बंद पडते आहे, म्हणजे इंजिनच नीट चालत नाही.

ताई, इंजिन काम काढायची घाई करू नका. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं इंजिन चढावरही रडतं, तुमचं तसं नाही. आणि रेसचा स्क्रू फिरवून कुठलंच दुखणं बरं होत नाही, फक्त झाकलं जातं. मी आयुष्यभर हेच काम केलं. स्क्रू फिरवून पाठवलेली गाडी महिन्याभराने जास्त बिघडून परत येते.

आधी एवढं ठरवा: एकच सिलिंडर मारत नाही, की तिन्ही अर्धवट मारताहेत? गाडी गरम करा, न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन चालू असताना पाठीमागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळवा धरा. ठरावीक अंतराने एक ठोका गळत असेल तर एक सिलिंडर मेलेला. धूर उगाच केव्हाही अडखळत असेल तर दोष सगळ्यांना मिळून आहे.

मग एकेका प्लगची कॅप काढून बघा. कॅप काढताना इंजिन बंद करा, काढलेल्या कॅपमध्ये जुना प्लग बसवून तो लोखंडाला टेकवून ठेवा, मग सुरू करा. कॅप मोकळी लटकत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो आणि झटकाही जबरदस्त बसतो. तीनच सिलिंडर आहेत, त्यामुळे एक काढला की इंजिन चांगलंच लंगडायला हवं. ज्याची कॅप काढून काहीच फरक पडत नाही तो आजारी: त्याची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप (तिन्ही प्लगना करंट वाटणारी), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि मग कॉम्प्रेशन, या क्रमाने बघायचं. तिन्हींना सारखाच फरक पडला तर प्लग-वायर सोडा आणि हवा-पेट्रोलाकडे वळा.

आणि एक सांगा. थरथर कार्बोरेटर साफ करायच्या आधी सुरू झाली की नंतर?

झेनवाला (गंगापूर रोड)

काकांच्या प्रश्नाला जोडून: पीयूसीचा नवा आणि जुना कागद शेजारी ठेवून वाचा. मिक्स्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसेल तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी होतो आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडून एचसी (हायड्रोकार्बन) चढतं. मिक्स्चर घट्ट असेल तर सीओच चढतो. तुमच्या वयाच्या गाडीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५०० पीपीएम आहे, म्हणून एवढं बिघडूनही गाडी पास होते आणि कागद कुणी वाचत नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलनेही कार्बोरेटरच्या गाडीचं मिक्स्चर थोडं पातळ होतं. पण त्याने एका महिन्यात एवढा फरक पडणार नाही.

आठशे_९८ (इंदिरानगर)

काका, तुम्ही विचारलंत म्हणून वडिलांची वही काढली. खर्च ते तारखेनिशी लिहितात. कार्बोरेटर साफ केला तो पिकअप कमी वाटला म्हणून. थरथर त्यानंतर चार दिवसांनी सुरू झाली. माझ्या डोक्यात हे उलटं बसलं होतं.

सायलेन्सरपाशी ठरावीक ठोका गळत नाही, धूर केव्हाही अडखळतो. तिन्ही कॅपा काढून पाहिल्या, तिन्हींना सारखंच लंगडलं. नवे प्लग टोकाला पांढरट झालेत. आणि पीयूसी: गेल्या वेळी सीओ १.६, एचसी ४१०. काल सीओ ०.४, एचसी १२८०.

जुना_फिटर (अंबड)

वहीने निम्मं काम केलं. इंजिन हवा चोरून घेतंय. चोक ओढला की पेट्रोल वाढतं आणि हवेची चोरी झाकली जाते, म्हणून गार असताना छान. रस्त्यावर हवा एवढी जाते की चोरीची थोडी हवा कळत नाही. सिग्नलला मात्र तीच भारी पडते.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणारी नळी) यांच्या मध्ये काळा जाड इन्सुलेटर असतो, वर-खाली पॅकिंग. खोलताना पॅकिंग जुनंच ठेवून नट आवळले असतील तर तिथेच फट असणार. पाण्याची फवाऱ्याची बाटली घ्या, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाला चहूबाजूंनी थोडं थोडं पाणी मारा. डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. जिथे मारल्यावर आवाज बदलेल तिथे चोर. पेट्रोल किंवा क्लीनर मारायला कुणी सांगेल, गरम इंजिनवर ते करू नका.

आठशे_९८ (इंदिरानगर)

काका, मागच्या बाजूच्या नटापाशी पाणी मारलं आणि दोन सेकंद इंजिन एकदम गुळगुळीत चाललं! वडील खुर्ची टाकून अंगणातच बसले होते, तेच आधी म्हणाले, "हां, हाच तो आवाज."

दुसऱ्या मेकॅनिककडून खोलून घेतलं. इन्सुलेटरवर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसत होता, आवळून आवळून तो वाकला होता. पॅकिंगही एका कोपऱ्यात फाटलेलं. नवा इन्सुलेटर आणि दोन्ही पॅकिंग टाकली. कार्बोरेटरचं बूडही काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं. रेसचा स्क्रू मागे घेतला. आज मायको सर्कलला आरशात रिक्षाचा दिवा एकच दिसला.

जुना_फिटर (अंबड)

वडिलांना नमस्कार सांगा. नवं पॅकिंग दबून बसतं, म्हणून २०० किलोमीटरनंतर नट एकदा बघून घ्या. इंजिन गार असताना, लहान पान्याने, आळीपाळीने थोडं थोडं. आणि पीयूसी परत काढा, तो आकडा वहीत लिहून ठेवा.