मदत हवी आहे: जुन्या स्ट्रॅटसारखा आवाज हवाय, पिकअप आणि ट्युनर कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणालाच सल्ला देता येणार नाही म्हणून.

मी मिरजेचा. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप इलेक्ट्रिक गिटार आहे, बारा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. नेक मला इतका आवडतो की ही विकून दुसरी घे हा सल्ला कृपया कुणी देऊ नका. अडचण आवाजाची आहे. पिकगार्ड (पुढचं प्लास्टिकचं झाकण) उघडून बघितला तर पिकअपमधे (तारेचा आवाज पकडणारं चुंबक आणि कॉइल) नुसते स्टीलचे दांडे आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. आवाज मोठा येतो पण सपाट येतो, हळू छेडा नाहीतर जोरात छेडा, फरकच पडत नाही, आणि ब्रिज पिकअपवर तर कानात टाचणी टोचल्यासारखं होतं.

आवाज कसला हवाय ते सांगतो. माझे मामा ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे, आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या कानात एकच आवाज बसलाय, शॅडोज या ब्रिटिश बँडच्या हँक मार्विनचा. १९५९ मधे गायक क्लिफ रिचर्डने अमेरिकेहून त्याच्यासाठी जी लाल स्ट्रॅट मागवली तिचा. एकेक सूर घंटेसारखा सुटा, गोल, आणि बार (ब्रिजला जोडलेली हलवायची दांडी) हलवला की हलकासा थरथरणारा. मामांनी ती गिटार आयुष्यात कधी हातात घेतली नाही, उभ्या उमेदीत साध्या देशी गिटारवर वाजवलं. दिवाळीला ते घरी येणार आहेत आणि त्यांच्या हातात तसा आवाज देणारी गिटार द्यावी असं मला फार मनापासून वाटतंय. बजेट पिकअप आणि ट्युनर मिळून २० हजार.

आत्तापर्यंत जे वाचलं त्यावरून एवढं कळलंय की जुन्या पिकअपमधे अल्निको चुंबकाचेच दांडे असायचे, त्यावर ४२ गेजची तार, आणि रेझिस्टन्स साधारण ६ किलोओहमच्या आसपास. पण दांड्यांची उंची कमीजास्त असते तिथे मी अडकलोय. डी आणि जी तारांखालचे दांडे उंच, बी खालचा अगदी बुटका. मी १०-४६ जाडीच्या तारांचा सेट लावतो, त्यात जी साधी (न गुंडाळलेली) १७ ची असते, म्हणजे अशा पिकअपवर माझी जी बोंबलणार का? मग सगळे दांडे एका पातळीत असलेले पिकअप घ्यावेत का, पण मग तो जुना आवाज राहील का?

दुसरं ट्युनर, म्हणजे तार पिळायच्या खुंट्या. बार वापरला की सूर हलतो म्हणून जुन्या क्लूसन पद्धतीचे, खाचेच्या दांड्याचे ट्युनर घ्यायचं डोक्यात आहे, दिसायलाही तेच शोभतात. पण हेडस्टॉकची भोकं व्हर्नियरने मोजली तर १० मिमी भरली, आणि क्लूसनच्या बुशिंगला (भोकात बसणाऱ्या धातूच्या कड्याला) पावणेनऊच्या आसपास लागतात. भोकं बुजवून परत ड्रिल करायची का? नेकला हात लावायला जीव होत नाही.

प्रतिसाद

दादा, ड्रिल अजिबात नको. १० मिमीच्या भोकात बसणारी कन्व्हर्जन बुशिंग मिळतात, बाहेरून १० आणि आतून क्लूसनच्या दांड्याएवढी. ती घाला आणि गोटोचे एसडी९१ लावा, रेशो १५ ला १, खेळ अजिबात नाही. फक्त जुन्या स्क्रूची भोकं उघडी दिसतील तेवढी बुजवा. खाचेत तार लावताना तिच्या खुंटीपासून पुढे पाचेक सेंटीमीटर ठेवून आधी कापायची, टोक खाचेतल्या भोकात सरळ खाली घालायचं, काटकोनात वळवायचं आणि मग पीळ द्यायचा.

पण खरेदीच्या आधी एक बघा. बार खाली दाबून सोडल्यावर सूर चढलेला राहतो का? आणि तार ओढून बेंड केल्यावर उतरलेला राहतो का? तसं असेल तर दोष ट्युनरचा नाही, तार नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय. सूर लावताना मधेच 'टिंक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर शंभर टक्के नट. हजारो रुपयांचे ट्युनर बदलून लोक हाच त्रास तसाच सहन करत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा, फरक पडला तर कळलंच.

आता पिकअप. उंचसखल दांडे का होते ते लक्षात घ्या, तेव्हा जी ची तार गुंडाळलेली म्हणजे वाउंड असायची. गुंडाळलेल्या तारेचा आतला गाभा बारीक, चुंबकाला तोच जास्त जाणवतो, म्हणून तिच्याखाली दांडा उंच. तुमची १७ ची साधी जी त्याच दांड्यावर ठेवली तर बाकीच्यांच्या वर ओरडणारच. म्हणजे प्रश्न पिकअपचा नाही, तारांचा आहे, आधी तारा ठरवा. साध्या जी वरच राहायचं असेल तर सीमोर डंकनचा एसएसएल-२ बघा, सगळे दांडे एका पातळीत. वाउंड जी लावायची तयारी असेल तर एसएसएल-१, दोन्ही अल्निको ५ चेच.

मधला पिकअप उलट वाइंडिंग आणि उलट पोलॅरिटीचा मागा. जुन्यात तसा नव्हता, पण आपल्याकडे ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर आणि अर्थिंगची बोंब बघता पिकअप स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला तरी गुणगुण जाईल. अजून एक, जुन्या वायरिंगमधे ब्रिज पिकअपला टोनची नॉब नसतेच. एक तार जोडून खालची नॉब ब्रिजला द्या, टाचणी टोचणं तिथेच कमी होईल. पॉट (नॉबखालचे रेझिस्टर) २५० के चेच ठेवा. आणि बसवल्यावर पिकअप वर चढवू नका, अल्निकोचे दांडे तारेला ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर एकाच वेळी दोन लागल्यासारखा डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेकडे दोन-अडीच मिमी अंतर ठेवून सुरुवात करा.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. एक भर, मार्विनच्या आवाजात टेप एको आणि व्हॉक्सचा अँप यांचा वाटा फार मोठा आहे. बजेटमधून एखाद्या साध्या डिले (प्रतिध्वनी देणाऱ्या) पेडलचे पैसे बाजूला काढा. आणि तुम्ही मिरजेत असताना नटची काळजी कशाला? सितार-तंबोऱ्याचे कारागीर हाडाला पॉलिश केल्यासारखी खाच पाडतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून बघितलं. बार दाबून सोडला की जी चढते, सूर दाखवणाऱ्या मीटरवर मोजली, आणि लावताना तो 'टिंक' पण येतो, मी इतकी वर्षं तो ट्युनरचाच समजत होतो. शिसं घासलं तर निम्म्याहून जास्त फरक पडला. आज सकाळी सतारमेकर गल्लीत गिटार घेऊन गेलो. तिथल्या काकांनी गिटारचा नट याआधी कधी केला नव्हता, पण तार खाचेत सरकवून बघितली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "चिमटलीये ही. मोकळी व्हायला पाहिजे, पण कुणीकडे हलता कामा नये." हाडाचा नवीन करून देणारेत, खाचा वाउंड जी च्या मापाने.

कारण मामांना फोन करून विचारलं, तुम्ही जी कुठली लावायचात. "गुंडाळलेलीच की, दुसरी मिळायची कुठे?" म्हणाले. मग ठरलं, ११ चा वाउंड जी वाला सेट आणि एसएसएल-१, मधला उलट वाइंडिंगचा. ट्युनर सध्या आहेत तेच राहूदेत, उरलेल्या पैशात डिले घेतो. एवढंच सांगा, जाड तारांनी ब्रिज वर उचलला गेला तर मागे ब्रिज खेचून धरणाऱ्या तीनाच्या चार स्प्रिंग लावू की आहेत त्याच तीन आवळू? बार हलका लागायला हवा, मामांची बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत.